अर्ध्या पानावर उत्तर

(दृश्य : जिल्ह्याच्या ठिकाणचे सरकारी कार्यालय. टेबलावर दोरीने बांधलेल्या फायली, कपाटे उघडी.)

‘एजीची पार्टी येतेय’ असा निरोप आला की सरकारी कार्यालयात पहिली धावपळ कपाटांपाशी होते. कीर्द आजपर्यंत लिहिलेली आहे ना? प्रमाणके, म्हणजे खर्चाची व्हाउचरे, क्रमाने लावलीत ना? साठा नोंदवहीवर कुणाची सही राहिली तर नाही? येणारी पार्टी म्हणजे छापा नव्हे. आधी पत्र आलेले असते, मुक्कामाचे दिवस ठरलेले असतात. दोन-चार माणसे येतात, एक खोली मागून घेतात आणि कागद वाचत बसतात.

एजी म्हणजे महालेखापाल. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबईत आणि नागपुरात आहेत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांना हे नाव पेन्शनच्या कागदांमुळे ठाऊक असते. ते काम ‘लेखा व अनुज्ञेयता’ शाखेचे. आपण पाहणार आहोत ती दुसरी शाखा, लेखापरीक्षेची, म्हणजे ऑडिटची. या सगळ्यांच्या वर दिल्लीत बसतात भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक. वर्तमानपत्रांतले कॅग.

सरकारने खर्च केलेला प्रत्येक रुपया कॅग तपासतात, असा एक समज आहे. तसे होत नाही, होणे शक्यही नाही. कोषागारांतून वर्षभरात निघणाऱ्या देयकांचा आकडाच तेवढा मोठा असतो. म्हणून आधी निवड होते. पैसा कुठे जास्त गेला, कुठे मार्च संपता संपता अचानक देयकांचा पूर आला, कुठे एकाच कामाचे तुकडे पाडून निविदेची मर्यादा चुकवल्यासारखे दिसते, कुठे अनुदान घेतले पण ते ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र वर्षानुवर्षे आले नाही, अशा खुणांवरून कार्यालये आणि योजना ठरतात. मग त्यांतले नमुने संख्याशास्त्रीय पद्धतीने काढले जातात. निवड चुकली तर पुढची मेहनत वाया जाते. या कामाबद्दल फारसे कुणी बोलत नाही, पण माझ्या मते लेखापरीक्षेतली खरी हुशारी इथेच लागते.

(दृश्य : दोन नोंदवह्या शेजारी शेजारी. बोट एका ओळीवरून दुसऱ्या वहीतल्या ओळीवर सरकते.)

तपासणीचे मूळ तंत्र साधे आहे. एक कागद दुसऱ्या कागदाशी जुळवायचा, आणि शक्यतो दुसरा कागद दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेला असावा. ठेकेदाराच्या देयकात लिहिलेले परिमाण, झालेले काम मोजून नोंदवायच्या मोजमाप पुस्तिकेत आहे का? पुस्तिकेतली तारीख साहित्य पोहोचल्याच्या तारखेआधीची तर नाही? पावतीवर वाहनाचा क्रमांक असेल तर परिवहन खात्याच्या नोंदीत ते वाहन कोणते? बिहारच्या चारा घोटाळ्यात जनावरे आणि चारा वाहून नेल्याच्या कागदांवरचे काही क्रमांक स्कूटरचे निघाले होते. असले काही सापडायला गुप्तहेर लागत नाही. दोन याद्या आणि चिकाटी लागते.

अलीकडे याद्या संगणकात असतात, एवढाच फरक. ऑगस्ट 2023 मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात आयुष्मान भारत योजनेची माहिती अशीच चाळून पाहिली होती. जवळपास साडेसात लाख लाभार्थ्यांसमोर एकच मोबाइल क्रमांक होता : दहाही वेळा 9. आधीच्या उपचारांत मरण पावल्याची नोंद असलेल्या काही रुग्णांच्या नावे पुढेही उपचारांचे दावे आले होते. मोबाइल क्रमांकावरून लाभार्थ्याची पडताळणी होतच नाही, तो फक्त संपर्कासाठी असतो, असे सरकारने सांगितले. हे उत्तरही ऐकून घ्यायला हवे. साडेसात लाख बनावट माणसे सापडली, असे अहवाल म्हणत नव्हता. माहिती भरताना कुणी पाहत नव्हते, एवढे मात्र त्यातून नक्की कळते.

जागेवर काही खटकले की तोंडी भांडण होत नाही. पान उभे दुमडून अर्ध्या भागात शंका लिहितात. उरलेला अर्धा भाग कार्यालयाच्या उत्तरासाठी कोरा सोडतात. याला हाफ मार्जिन म्हणतात. कागद दाखवला, खुलासा पटला, तर शंका तिथेच मिटते. बहुतेक शंकांचे असेच होते. न मिटलेल्या शंका तपासणी अहवालात आक्षेप म्हणून जातात. अहवाल खातेप्रमुखाकडे येतो, अनुपालन, म्हणजे आक्षेपावर काय केले याचे उत्तर, मागितले जाते. त्यातले वजनदार आक्षेप मंत्रालयात सचिवांपर्यंत जातात आणि पुन्हा उत्तर मागितले जाते. तेही पटले नाही, तर तो परिच्छेद छापील अहवालात येतो. म्हणजे आपल्यासमोर येणाऱ्या प्रत्येक परिच्छेदाच्या आधी सरकारला बोलायची संधी अनेकदा मिळालेली असते. ‘आम्हाला विचारलेच नाही’ असे कुणी टीव्हीवर म्हणाले, तर हे आठवावे.

(दृश्य : कोरडा नाला, त्यावरचा सिमेंटचा बंधारा. मागे टँकर.)

आतापर्यंत बोललो ते नियमांबद्दल : पैसा नियमाने खर्च झाला का. दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. पैसा नियमाने खर्च झाला, पण उपयोग झाला का? याला कामगिरीची लेखापरीक्षा म्हणतात. वस्तू रास्त दरात घेतली का, तेवढ्या पैशात आणि माणसांत जास्त काम झाले असते का, आणि ज्यासाठी योजना होती ते साधले का, या तीन गोष्टी त्यात पाहतात. धोरण चांगले की वाईट, हे ठरवणे कॅगचे काम नाही. सरकारने स्वतः जे उद्दिष्ट लिहून दिले, त्याच पट्टीने सरकारला मोजायचे.

महाराष्ट्राला परिचित उदाहरण जलयुक्त शिवारचे, गावोगावी पाणी अडवण्याच्या योजनेचे. गावे टंचाईमुक्त करणे आणि भूजल पातळी वाढवणे, ही उद्दिष्टे शासनाचीच. 9,633.75 कोटी रुपये खर्च झाले. सप्टेंबर 2020 मध्ये विधिमंडळात आलेल्या अहवालाचा निष्कर्ष असा की एवढ्या खर्चानंतरही या दोन्ही बाबतींत फारसा परिणाम दिसला नाही. तपासलेल्या भागात टँकर थांबले नव्हते, उलट वाढले होते. यावर राजकारण झाले, ते होणारच होते. पण प्रामाणिकपणे पाहिले तर या परीक्षणाची अडचणही दिसते. 2018 मध्ये पावसाने दगा दिला आणि ऑक्टोबरात शासनाने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. विहीर आटली ती बंधारा निकामी म्हणून, की पाऊस नव्हता म्हणून? नुसत्या कागदांवरून हे सुटत नाही. म्हणूनच अशा परीक्षणात पथक अधिकाऱ्यांना सोबत घेऊन प्रत्यक्ष कामावर जाते, संयुक्त पाहणी करते, फोटो काढते, लाभार्थ्यांना विचारते. बंधाऱ्यात गाळ साचलेला दिसला की तो पावसाच्या माथी मारता येत नाही.

हे सगळे ज्यांच्याविरुद्ध लिहायचे, त्यांच्याच सरकारात राहून लिहायचे असते. त्यासाठी घटनेने तजवीज केली आहे. कलम 148 नुसार कॅगची नेमणूक राष्ट्रपती करतात. पदावरून काढायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याचीच पद्धत आणि तीच कारणे. कार्यालयाचा प्रशासकीय खर्च भारताच्या एकत्रित निधीवर भारित, म्हणजे त्यावर संसदेत मतदान नाही. 1971 च्या कायद्याने मुदत सहा वर्षे किंवा वयाची 65 वर्षे, जे आधी येईल ते. आणि निवृत्तीनंतर केंद्राचे वा राज्याचे कोणतेही पद नाही. 30 मे 1949 रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले होते की हा अधिकारी बहुधा घटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे. त्याला न्यायसंस्थेइतके तरी स्वातंत्र्य हवे, असा त्यांचा आग्रह होता.

एक भोक मात्र राहिलेच. नेमणूक कुणाची करायची, हे प्रत्यक्षात सरकारच ठरवते. निवड समितीची मागणी अनेकदा झाली आहे.

(दृश्य : 2010 सालच्या वर्तमानपत्रांची पहिली पाने.)

कॅगचे नाव घरोघरी पोचले ते नोव्हेंबर 2010 मध्ये, टूजी स्पेक्ट्रमच्या, म्हणजे मोबाइल कंपन्यांना दिलेल्या परवान्यांच्या आणि लहरींच्या वाटपावरच्या अहवालाने. 1.76 लाख कोटी रुपये! हा आकडा कुणाच्या खिशात गेलेल्या पैशाचा नव्हता. सरकारला मिळू शकला असता आणि मिळाला नाही, असा तो अंदाज होता. अहवालात वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले अनेक अंदाज होते, त्यात 57,666 कोटींचाही एक होता. मथळ्यात सर्वांत मोठा गेला. फेब्रुवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 122 परवाने रद्द केले. डिसेंबर 2017 मध्ये विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले, आणि सीबीआय अपिलात गेली. दोन्ही बाजूंचे लोक आपापला निकाल दाखवतात. पण वाटप मनमानी होते का आणि अमुक व्यक्तीने गुन्हा केला का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर देणे लेखापरीक्षकाचे कामच नाही. कॅगने हिशेबापलीकडे बोलावे का, हा वादही त्याच काळातला. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावले की कॅग म्हणजे कुणी मुनीम नव्हे.

तरी कॅगच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे स्पष्ट असावे. ते देयक थांबवू शकत नाहीत. कुणाला निलंबित करू शकत नाहीत. वसुलीचा हुकूम काढू शकत नाहीत. पैसा गेल्यावर ते येतात, कागद मागतात आणि लिहितात. कलम 151 प्रमाणे अहवाल राष्ट्रपतींकडे किंवा राज्यपालांकडे जातो आणि तिथून सभागृहापुढे.

तिथून लोकलेखा समितीकडे. संसदेच्या समितीत 22 सदस्य, 15 लोकसभेचे आणि 7 राज्यसभेचे. 1967 पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा नेमायचा प्रघात आहे. समिती सचिवांना साक्षीला बोलावते. मंत्री येत नाहीत, अधिकारी येतात, आणि उत्तरे द्यावी लागतात. समितीकडे वेळ मात्र अपुरा असतो. मोजके परिच्छेद चर्चेला येतात. बाकीच्यांवर खात्यांनी लेखी उत्तर द्यायचे असते, आणि ते यायला कधी कधी इतकी वर्षे लागतात की मूळ व्यवहार केलेला अधिकारी केव्हाच निवृत्त झालेला असतो.

त्याहून सोपी पळवाट सभागृहाच्या दाराशी आहे. अहवाल मांडायला हवा, असे घटना सांगते. कधीपर्यंत, हे सांगत नाही. दिल्ली सरकारवरचे 14 अहवाल असेच पडून राहिले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, सरकार बदलले, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ते विधानसभेत यायला सुरुवात झाली. तोवर त्यांत लिहिलेल्या कित्येक गोष्टी जुन्या झाल्या होत्या. ज्याच्यावर आक्षेप आहे त्यानेच तो कधी मांडायचा हे ठरवावे, ही व्यवस्था मला कधीच पटलेली नाही. तारीख कायद्यात लिहायला काहीच हरकत नाही.

(दृश्य : संगणकाचा पडदा. अहवालाची पाने वर सरकतात.)

मांडलेला अहवाल कॅगच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. पाने पाहून घाबरू नका, आणि पहिल्याच पानावरच्या मोठ्या आकड्यावर थांबू नका. आपल्या कामाचा विषय काढा : धरण, शाळा, रुग्णालय, काहीही. परिच्छेदाच्या शेवटाकडे जा. तिथे खात्याने काय सांगितले ते लिहिलेले असते. त्यानंतर पुष्कळदा एक वाक्य येते : ‘उत्तर मान्य करता येत नाही, कारण...’ या ‘कारण’नंतरच्या दोन-तीन ओळी आधी वाचा. आणि खात्याने उत्तरच दिलेले नसेल, तर तेही तिथे महिन्यासकट नोंदवलेले असते.