टाच टेकली पाहिजे

(दृश्य: सकाळचे साडेसहा. गोठ्याच्या भिंतीला लागून उभी असलेली काळी स्प्लेंडर. मागच्या कॅरियरला निळा थंड डबा रबरी पट्ट्यानं करकचून बांधलेला. एक बाई ओढणीचा पदर कमरेला खोचून गाडीकडं येते.)

लातूर जिल्हा, औसा तालुका. गाव कुठलंही धरा.

गाडी नवऱ्याची. नवरा चाकणला कंपनीत, दोन-तीन महिन्यांनी घरी येणार. तोवर गाडी गोठ्याशेजारी उभी. आणि ताई पशुसखी. चार गावांतल्या शेळ्या त्यांच्याकडं आहेत. जंताचं औषध द्यायचं, लसीकरणाच्या दिवशी डॉक्टरांबरोबर फिरायचं, कुणाची उस्मानाबादी शेळी अडली तर रात्री-अपरात्रीसुद्धा निघायचं. एसटी दिवसातून दोनदा येते, ती आली तर.

ताईंची उंची चार फूट अकरा इंच. म्हणजे दीडशे सेंटिमीटर. गाडीच्या गादीची उंची ७८५ मिलिमीटर.

हा शेवटचा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात सगळ्यात खाली, बारीक अक्षरात असतो. गाडी घेताना तो कुणी वाचत नाही. मायलेज विचारतात.

(दृश्य: पाणंद. चाकांना, मडगार्डला चिकटलेली काळी माती. ताई काडीनं ती खरवडून काढताहेत.)

"मग स्कूटी का घेतली नाही?" हा प्रश्न ताईंना इतक्यांदा विचारला गेलाय की आता त्या नुसतं हसतात. उत्तर या मातीत आहे. पावसाळ्यात पाणंदीत शिरलं की स्कूटीचं दहा-बारा इंची चाक चिखलात बसतं ते बसतंच. स्प्लेंडरचं चाक अठरा इंची. तेही अडतं, पण निघतं. आणि दुसरं म्हणजे, गाडी घरात उभी असताना दुसऱ्या गाडीला लाखभर रुपये आणायचे कुठून?

गाडी चालवायला ताई चार दिवसांत शिकल्या. क्लच, गिअर, सगळं जमलं. थांबायला मात्र दीड महिना गेला.

पहिल्यांदा पडल्या त्या थांबतानाच. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या लावलेला. ताईंनी शहाण्यासारखी गाडी डावीकडं घेतली, डांबर सोडून साइडपट्टीवर. ब्रेक लावला, डावा पाय खाली सोडला. पायाखाली जमीन नव्हती. म्हणजे होती, पण चार बोटं खाली.

(दृश्य: रस्त्याची कड जवळून. डांबराची धार, खाली खचलेला मुरूम.)

हे नीट बघा. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधून उंच आणि दोन्ही कडांना उतरता बांधतात. आपण चालतो डाव्या बाजूनं. म्हणजे ज्या बाजूला पाय टेकायचा, त्याच बाजूला जमीन खाली जाते. त्यात साइडपट्टी खचलेली. उंच माणसाला हे जन्मात कळत नाही, त्याच्याकडं पाय उरलेला असतो. ज्याची चवड्यापुरतीच पोहोच आहे, त्याला मात्र तीन बोटांचा उतारसुद्धा आडवा करतो. गाडीचं वजन ११२ किलो, वरून डबा. सरळ उभी असेल तोवर हे वजन चाकांवर असतं. एकदा कलली की सगळं तुमच्या एका पायावर येतं, आणि तो पाय आधीच चवड्यावर उभा.

डब्याचं झाकण उघडलं, बाटल्या मुरमात घरंगळल्या. ट्रॅक्टरवाल्यानं उतरून गाडी उचलून दिली आणि जाता जाता विचारलं, "ताई, घरी कुनी गडीमानूस नाही का?"

तो चांगल्या मनानं बोलला, असं ताई म्हणतात. मला तसं वाटत नाही.

आता निवेदकाचीही उंची सांगून टाकतो. पाच फूट दोन. आवाजावरून कळत नाही, म्हणून सांगतोय. मी एकदा पेट्रोल पंपावर, रांगेत, सगळ्यांसमोर गाडीसकट आडवा झालो होतो. उठून म्हणालो, "ऑइल सांडलं होतं." ऑइल वगैरे काही नव्हतं. पाय पुरत नाही हे बायका सांगतात तरी. आम्ही पुरुष ऑइल सांडतो.

(दृश्य: घराची भिंत. ताई पाठ टेकून उभ्या. दोन पायांमध्ये वही धरलेली. मुलगी पेन्सिलनं खूण करते.)

गाडी आपल्याला होईल का, हे डोक्यापर्यंतच्या उंचीवरून ठरत नाही. जांघेपासून टाचेपर्यंतचं माप लागतं. अनवाणी भिंतीला टेकायचं, वहीची कड वर घट्ट दाबायची, खूण करायची. ताईंचं भरलं ६८ सेंटिमीटर. गादी साडेअठ्ठ्याहत्तरवर. फरक साडेदहा सेंटिमीटरचा.

कागदावर हा हिशेब घाबरवतो. प्रत्यक्षात माणूस बसला की शॉकप थोडे दबतात, दोन-तीन सेंटिमीटर तिथं मिळतात. बुटाचा तळ आणखी दोन देतो. उरलेलं चवड्यावर उभं राहून भागवायचं. पण मिळालेलं परत घेणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे गादीची रुंदी. मांड्या जितक्या फाकतात, तितके पाय आखूड होतात. पल्सर १५० ची गादीही ७८५ मिलिमीटरवरच आहे. तरी एकीवर बसून जो पाय टेकतो, तो दुसरीवर टेकेलच असं नाही, कारण दोन्हींचा आकार सारखा नाही. अ‍ॅव्हेंजर ७३७, बुलेट ३५० ची ८०५, नवी हिमालयन ४५० ची ८२५. हे आकडे बघावेत, पण शोरूममध्ये गाडीवर बसून, गाडी स्टँडवरून काढून. स्टँडवरच्या गाडीवर बसलं की सगळेच उंच असतात.

मोटारसायकली बनतात तो बजाजचा वाळूजचा कारखाना आपल्याच मराठवाड्यातला, १९८५ पासूनचा. पण गाडी आपल्या मापाची कशी करायची, हे आपल्याला शिकवतो गादीवाला.

(दृश्य: लातूर. गंजगोलाई वरून. गोल इमारत, सोळा दिशांना फुटलेले सोळा रस्ते. मग एका गल्लीत रेक्झीनचे रोल टांगलेलं छोटं दुकान.)

चाचांचं दुकान आठ बाय दहाचं. गादीवर नवं कव्हर चढवणं हा मुख्य धंदा. फोम "वाढवून द्या" म्हणणारे रोज येतात. "कमी करून द्या" म्हणणारे क्वचित, आणि ते दुपारी येतात, दुकानात गर्दी नसताना.

चाचांनी ताईंना आधी चहा दिला. मग गाडीवर बसायला सांगितलं. फोमला हात लावायच्या आधी हे बसणं जवळजवळ वीस मिनिटं चाललं.

"हँडल धरा. पाठ मोकळी सोडा. हां. रोज बसता तसं बसा, फोटोला बसल्यासारखं नको."

मग खडू घेतला. मांड्यांच्या दोन्ही बाजूंनी रेघ ओढली. बूड जिथं टेकतं तिथं आडवी रेघ. पुढं टाकीला लागून गादीचं नाक. "कापायचं हितं," चाचांनी नाकावर बोट ठेवलं. "लोक म्हनतात वरून कापा. वरून कापलं की खाली पत्रा टोचतो, आन दहा दिवसात मानूस परत येतो. आधी बाजू काढायची."

(दृश्य: अगदी जवळून. पक्कडीनं एकेक पिन उपटली जाते. रेक्झीन सोलून निघतं. खाली पिवळा पडलेला फोम.)

फोम कापायला चाचा सुरी वापरत नाहीत. हॅक्सॉचं पातं, हातात नुसतंच धरलेलं, मागच्या टोकाला चिंधी गुंडाळलेली. सुरी फोम दाबते, मग काप वाकडा येतो. पातं करवतीसारखं सरकत जातं. नाकाच्या दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच सेंटिमीटरची तिरकी फाक निघाली. मग बसायच्या जागेवरून तीन सेंटिमीटर, एकदम नाही, तीन थरांत. प्रत्येक थरानंतर उघड्या फोमवर गोणपाट टाकायचं आणि ताईंना बसवायचं.

"आता टेकलालाय का?"

"चवडा टेकलालाय."

"टाच?"

"नाही."

पुन्हा पातं.

तिसऱ्या थरानंतर डाव्या पायाची टाच दुकानासमोरच्या फरशीला लागली. उजवी अजून दोन बोटं वर. चाचा थांबले. "बास. एक टाच टेकली पायजे. दोन कशाला?"

या एका वाक्यासाठी मी लातूरला दोनदा गेलो. सगळ्यांना दोन्ही पाय सपाट हवे असतात आणि त्यापायी गाडीची मोडतोड करतात. थांबताना उजवा पाय मागच्या ब्रेकवर असायला हवा. मग जमिनीवर उरतो एकच, डावा.

कापलेल्या जागी चाचांनी बोटभर जाडीचा कडक फोम चिकटवला. मऊ फोम ठेवला असता तर बसल्यावर दबून पत्रा लागला असता. कडक फोमची जाडी धरूनच आधी कापलं होतं, हे मला नंतर कळलं. ग्राइंडरला पॉलिशपेपरची चकती लावून कडा गोल केल्या, रेक्झीन पुढून ताणत मागं नेलं आणि पिना ठोकल्या. निघालेले फोमचे तुकडे चाचा कचऱ्यात टाकणार तेवढ्यात ताई म्हणाल्या, "चाचा, ते ठिवा. मी नेते."

(दृश्य: गॅरेज. सी पाना शॉकपच्या खाचेत बसतो.)

शॉकपचं काम पाच मिनिटांचं. स्प्लेंडरच्या मागच्या शॉकपला स्प्रिंग कडक-मऊ करायच्या पाच स्टेप असतात. ताईंची गाडी चौथ्या स्टेपवर होती, कारण नवरा खताची पोती आणायचा. सी पाना लावून ती पहिलीवर आणली. एकट्या हलक्या माणसाखाली स्प्रिंग आता मोकळेपणानं दबते, गाडी बोटभर बसते. मागं दुसरं माणूस घेतलं तर मात्र खड्ड्यात शॉकप तळाला जाऊन धाडकन आदळतो. म्हणून सी पाना आता ताईंच्या पिशवीत असतो. दोन्ही बाजूंची स्टेप सारखी हवी, एवढं लक्षात ठेवायचं.

हँडलचे चार बोल्ट ढिले करून हँडल किंचित अंगाकडं फिरवलं. मग पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं वळवून बघितलं: टाकीला लागत नाही ना, केबल ताणत नाही ना. क्लचची दांडी थोडी खाली फिरवली. गिअरची दांडी काढून एक दाता खाली बसवली, कारण ताईंचा पाय लहान. यातल्या कशालाच पैसे पडले नाहीत. मेकॅनिकनं घेतले नाहीत, असं म्हणतो.

(दृश्य: संभाजीनगर, जालना रस्ता. उंच अ‍ॅडव्हेंचर गाडी. चालवणारा तरुण.)

आता दुसरी बाजू. हा मुलगा पाच फूट चारचा, गाडी सव्वाआठशे मिलिमीटरची. त्यानं थेट मागचा एकच शॉकप धरणाऱ्या पट्ट्या बदलल्या. लोअरिंग लिंक म्हणतात त्याला. मागची बाजू दोन इंच खाली आली, दोन्ही पाय सपाट. पहिला आठवडा तो हवेत होता.

मग एकेक हिशेब येऊ लागला. साइड स्टँड होता तेवढाच राहिला, गाडी खाली आली. म्हणजे स्टँडवर ती जवळजवळ सरळ उभी. घरासमोर मांजर घासून गेलं की पडेल अशी, आणि एकदा पडलीच. मग स्टँड कापून वेल्डिंग. मागची बाजू बसली म्हणून हेडलाइट वर गेला, समोरचे शिव्या घालू लागले. वळणावर गाडी जड वाटू लागली. मग पुढच्या शॉकपचे पाइप, ते धरून ठेवणाऱ्या टीमधून वर सरकवले, म्हणजे पुढची बाजूही खाली आली, तेव्हा मागचं-पुढचं जुळलं. चेनचा ताण पुन्हा बघावा लागला. आणि गावागावातले ढिगाऱ्यासारखे स्पीडब्रेकर? इंजिनखालच्या पत्र्यावर त्यांच्या सगळ्या सह्या आहेत.

तो चूक होता असं नाही. एका इंचात भागलं असतं तिथं दोन घेतले, एवढंच. चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, मात्र त्यानं हात लावला नाही हे बरं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं दिलेल्या मूळ बांध्याशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली ते पुन्हा ठणकावून सांगितलंय. गादी परत भरता येते, स्टेप परत चढवता येते. कापलेली चॅसी परत येत नाही.

(दृश्य: शाळेचं मैदान, रविवार. ताई चालतात, थांबतात, चालतात, थांबतात.)

गादी बदलून आणल्यावर ताईंनी तीन रविवार फक्त थांबायचा सराव केला. थांबायच्या आधी डावीकडची जमीन बघायची. डांबर सोडायचं नाही, साइडपट्टीवर जायचं नाही. मागून हॉर्न वाजू दे. गाडी पूर्ण थांबायच्या क्षणी बूड जरासं डावीकडं सरकवायचं, तेवढ्यानं बोटभर पाय लांब होतो. हँडल सरळ ठेवूनच पुढचा ब्रेक दाबायचा, कारण हँडल वळलेलं असताना दाबला की गाडी त्या बाजूला बसते. डब्यात जड बाटल्या तळाला, रिकाम्या वर.

ट्रॅक्टर अजूनही येतात. ताई आता डांबरावरच थांबतात, ट्रॅक्टरला थोडं खाली उतरावं लागतं.

(दृश्य: दिवाळीचे दिवस. नवरा गाडीवर बसतो, पुढं घसरतो, उठून पुन्हा बसतो.)

पाच फूट नऊचा माणूस. गुडघे हँडलला लागायच्या बेतात.

"गादीचा सत्यानाश केलीस की गं तू."

ताई डबा बांधत होत्या. डब्याच्या खाली, कॅरियरच्या लोखंडावर, पिवळ्या फोमचे तुकडे सुतळीनं बांधलेले. खड्ड्यांतून बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून.

"तुमचा फोम हितं हाय," ताई म्हणाल्या. "शेळ्या झाल्या की देते."

आणि किक मारली.