हृदयाचं वजन

(पडद्यावर: जुन्या लॅटिन हस्तलिखिताचं पान. कॅमेरा हळूहळू एका ओळीवर स्थिरावतो.)

'हे प्रभू, तू आम्हांला तुझ्यासाठीच घडवलंस. आणि तुझ्या ठायी विसावेपर्यंत आमच्या हृदयाला चैन नाही.'

कॅथलिक जगात हे वाक्य कधीच कानावर पडलं नाही असा माणूस विरळा. प्रवचनांत ते येतं, प्रार्थनेच्या कार्डांवर छापलेलं असतं. 18 मे 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी सेंट पीटर चौकात पदग्रहणाची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, अर्पण केली, तेव्हा प्रवचनाच्या सुरुवातीलाच त्यांनी हे शब्द उच्चारले. वाक्य संत ऑगस्टीन यांचं, आणि पोप स्वतः त्यांच्याच नावाच्या ऑगस्टीनियन संघाचे, तेव्हा नवल नाही.

पण वाक्य कार्डावर गेलं की त्याची धार जाते. वाचणाऱ्याला वाटतं, देव भेटला की तगमग संपली, पुढे सगळं शांत. ज्यांनी ते लिहिलं, त्या संत ऑगस्टीन यांच्या आयुष्यात मात्र तसं काही घडलं नाही.

(पडद्यावर: उत्तर आफ्रिकेचा नकाशा. तागास्ते, कार्थेज, हिप्पो. मग समुद्र ओलांडून रोम आणि मिलान.)

जन्म 354 सालचा, तागास्ते गावातला. आजच्या अल्जीरियात आहे ते. वडील पॅट्रिक, आई मोनिका. मुलगा बुद्धीने तल्लख, बोलण्यात वाघ. कार्थेजला शिकला, तिथेच एका स्त्रीबरोबर संसार मांडला. तिचं नाव त्यांनी कुठेच लिहून ठेवलेलं नाही. त्यांना मुलगा झाला, अदेओदातुस.

तागास्तेत शिकवत असताना त्यांचा एक जिवलग मित्र तापाने गेला. त्या दुःखाबद्दल त्यांनी लिहिलंय, की जिकडे पाहावं तिकडे मरणच दिसे. ज्या घरात, ज्या रस्त्यावर दोघं भेटत, ती प्रत्येक जागा टोचू लागली. शेवटी गाव सोडून ते कार्थेजला निघून गेले. माणसावर असं प्रेम केलं की जणू तो कधी मरणारच नाही, हे त्यांना फार नंतर उमगलं.

पुढे रोम, आणि 384 साली मिलान. सम्राटाचा दरबार तिथे होता आणि वक्तृत्वाचे अध्यापक म्हणून ऑगस्टीन यांची नेमणूक झाली. तिशीच्या माणसाला यापेक्षा मोठं काय हवं?

मिलानमधला एक प्रसंग जरा थांबून पाहण्यासारखा आहे. सम्राटाच्या स्तुतीचं भाषण करायचं होतं. त्यात बरंच खोटं असणार, आणि ते खोटं आहे हे माहीत असणारेच टाळ्या देणार, हेही ठाऊक होतं. डोकं तापलेलं, छातीत धडधड. अशा अवस्थेत मित्रांबरोबर रस्त्याने जाताना त्यांना एक भिकारी दिसला. पोटात दारू गेलेली, स्वारी खुशीत, हसतोय, थट्टा करतोय. ऑगस्टीन मित्रांना म्हणाले, आपण एवढे कष्ट उपसतोय ते कशासाठी? बिनघोर आनंदासाठीच ना? मागून मिळवलेल्या चार नाण्यांत हा आपल्या आधी तिथे पोचला. त्याचा आनंद खरा नव्हता, हेही ते लगेच कबूल करतात. पण त्याची नशा रात्रीत उतरणार होती. ऑगस्टीन यांची नशा नावलौकिकाची. ती घेऊन ते झोपत, ती घेऊनच उठत.

386 साली मिलानच्या एका बागेत जे झालं ते पुष्कळांना ठाऊक आहे. अंजिराचं झाड, अश्रू, शेजारच्या घरातून लहान मुलाचा आवाज: 'घे, वाच, घे, वाच.' त्यांनी बायबलमधलं संत पौलाचं पत्र उघडलं आणि देवाला वाहून घ्यायचा निर्णय झाला. 387 च्या पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या रात्री बिशप संत अँब्रोज यांच्या हातून बाप्तिस्मा. त्याच वर्षी परतीच्या वाटेवर, ओस्तिया बंदरात मोनिका वारल्या. शरीर कुठेही पुरा, म्हणाल्या, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. बहुतेक माहितीपट इथेच, या सुंदर ठिकाणी थांबतात.

(पडद्यावर: हिप्पोचे अवशेष. तुटके खांब, मागे आधुनिक अन्नाबा शहर.)

ऑगस्टीन यांना पुढे काय हवं होतं, हे स्पष्ट आहे. चार समविचारी मित्र, प्रार्थना, अभ्यास, थोडं हातकाम. गावी येऊन त्यांनी तसा मठही सुरू केला. 391 साली ते हिप्पोला गेले असताना तिथल्या भाविकांनी त्यांना धरलं, बिशपांपुढे उभं केलं आणि यांना आमचा धर्मगुरू करा म्हणून हट्ट धरला. ऑगस्टीन रडत होते. थोड्याच वर्षांत बिशपपदही गळ्यात पडलं.

बिशप म्हणजे त्या काळी न्यायाधीशही. लोक आपले तंटे घेऊन येत. ऑगस्टीन यांचे सहकारी पोसिदियुस यांनी लिहून ठेवलंय, की ते कधी जेवणाच्या वेळेपर्यंत, तर कधी दिवसभर उपाशीपोटी खटले ऐकत बसत. मठवाशांना उद्देशून लिहिताना ऑगस्टीन यांनी स्वतःच एकदा मन मोकळं केलं: दुसऱ्यांच्या भांडणांत डोकं घालण्यापेक्षा मठातल्यासारखं रोज ठरल्या वेळी हाताने काम करावं, उरलेल्या वेळात वाचावं, प्रार्थना करावी, हे मला कितीतरी अधिक आवडलं असतं.

'तुझ्या ठायी विसावेपर्यंत चैन नाही' हे वाक्य या रगाड्यात लिहिलं गेलं. 'कन्फेशन्स' हा त्यांचा ग्रंथ 397 च्या सुमारास सुरू झाला, बिशप झाल्यावर. मुळात तो देवाशी केलेला अखंड संवाद आहे. आपण वाचक फक्त बाजूला बसून ऐकतो. त्याच्या दहाव्या भागात, म्हणजे बाप्तिस्म्याला दहा वर्षं उलटून गेल्यावर, ते आपले मोह एकेक करून सांगतात: जेवणाचा, स्तुतीचा. कुत्रा सशामागे धावताना दिसला तरी मन त्याच्यामागे धावतं, हेसुद्धा त्यात आहे!

मग विसावा कुठला?

याचं उत्तर ग्रंथाच्या अगदी शेवटच्या, तेराव्या भागात आहे, आणि तिथवर फार थोडे वाचक पोचतात. ऑगस्टीन म्हणतात, प्रत्येक वस्तू आपल्या वजनाने आपल्या जागेकडे निघते. वजन खालीच ओढतं असं नाही. दगड खाली येतो, आग वर जाते. पाण्याच्या तळाशी तेल ओतलं तर ते वर येतं, तेलावर पाणी ओतलं तर ते खाली जातं. जागा सुटली की वस्तू अस्वस्थ होते. जागेवर आली की निवांत. आणि मग ते म्हणतात: माझं प्रेम हेच माझं वजन. मी जिकडे जातो, तिकडे तेच मला नेतं.

म्हणजे तगमग मारून टाकायची भाषाच इथे नाही. मन रिकामं करा, इच्छा सोडून द्या, असा सल्ला ऑगस्टीन देत नाहीत. इच्छेची दिशा कुठली, एवढंच ते विचारतात. मिलानला कामाचा ताण होता, हिप्पोलाही होता. कदाचित हिप्पोला जास्तच. फक्त ओढ बदलली होती. 430 च्या उन्हाळ्यात व्हँडल या जर्मानिक टोळीच्या सैन्याने हिप्पोला वेढा घातला असताना ते आजारी पडले. पश्चात्तापाची स्तोत्रं लिहून घेऊन त्यांनी ती पलंगासमोरच्या भिंतीवर लावायला सांगितली, आणि पडल्या पडल्या वाचत ते रडत असत. शेवटचे सुमारे दहा दिवस वैद्य आणि जेवण आणणारे सोडून कोणी आत येऊ नये, अशी विनंती त्यांनी केली. 28 ऑगस्टला ते गेले. मृत्युपत्र केलं नाही, कारण मागे ठेवायला काही नव्हतंच.

(पडद्यावर: फ्रान्समधलं पारे-ल-मोनियाल. मठाचं चॅपल. येशूच्या पवित्र हृदयाचं चित्र: जखम, काट्यांचा मुकुट, ज्वाळा, क्रूस.)

माणसाचं हृदय देवाकडे ओढ घेतं, ही ऑगस्टीन यांची बाजू झाली. कॅथलिक भक्तीने पुढे दुसरी बाजूही मांडली: देवालाही हृदय आहे, आणि ते वाट पाहतंय. 1673 ते 1675 या काळात पारे-ल-मोनियालच्या धर्मभगिनी संत मार्गारेट मेरी अलाकोक यांना झालेल्या दर्शनांतून पवित्र हृदयाची भक्ती जगभर गेली. 1856 साली पोप पायस नववे यांनी पवित्र हृदयाचा सण सगळ्या ख्रिस्तसभेसाठी, म्हणजे जगभरच्या चर्चसाठी, ठरवला. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी याच हृदयावर परिपत्रक काढलं.

या भक्तीचा पाया शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या वचनांतला, आहे. 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.' मात्र याच भक्तीतून 'पवित्र तास' आला, आणि तो काही आरामाचा तास नाही. गुरुवारी रात्री अकरा ते बारा जागं राहायचं, क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना करणाऱ्या येशूबरोबर. विसावा देईन म्हणणारा येशू त्या रात्री स्वतःच व्याकूळ होता, जमिनीवर पालथा पडून प्रार्थना करत होता, आणि शिष्य झोपले होते. विसावा शोधत आलेल्या भाविकाला इथे सांगितलं जातं, बस, त्याच्या तळमळीत जरा सोबत कर. आपल्या दुखण्यावरचं लक्ष काढून दुसऱ्याच्या दुखण्यापाशी बसायचं. आमच्या मते या भक्तीतलं सगळ्यात शहाणं पाऊल हेच.

(पडद्यावर: रिकामं प्रार्थनाघर. वेदीवर पवित्र साक्रामेंत (ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर). एका बाकावर कोणीतरी पाठमोरं.)

आणि तासभर बसणं सोपं नसतं. पाय अवघडतात, जपमाळेचे मणी बोटांतून सरतात पण मन भलतीकडेच. ज्यांना हे लागू पडतं, त्यांनी अविलाच्या संत तेरेजा यांचं आत्मचरित्र जरूर वाचावं. कित्येक वर्षं आपलं लक्ष प्रार्थनेपेक्षा तास कधी संपतो आणि घड्याळाचा टोला कधी पडतो याकडेच असे, हे त्यांनी सरळ लिहून टाकलंय. प्रार्थनाघरात पाऊल टाकतानाच मन खिन्न व्हायचं. पण मनाविरुद्ध स्वतःला तिथे नेऊन बसवल्यावर जे समाधान मिळे, ते हौसेने प्रार्थना केलेल्या दिवशीही कधी कधी मिळत नसे, असंही त्या सांगतात.

लिजियच्या संत तेरेज तर प्रार्थनेत चक्क झोपायच्या. एखाददुसऱ्या दिवशी नव्हे, वर्षानुवर्षं. त्याची खंत वाटायला हवी, पण वाटत नाही, असं त्यांनी लिहिलंय. मुलं झोपलेली असोत की जागी, आईबापांना ती सारखीच लाडकी. आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टरसुद्धा रुग्णाला झोपवतातच की!

दोघीही कार्मेल संघाच्या. पहिल्या, घड्याळाच्या टोल्याकडे कान लावून बसणाऱ्या; दुसऱ्या, डुलक्या घेणाऱ्या. ख्रिस्तसभेने पहिलीला 1970 मध्ये आणि दुसरीला 1997 मध्ये आचार्यपद, म्हणजे साऱ्या चर्चच्या गुरूचा मान, दिला.