जलचक्र आधी हाताने, मग चित्रात

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय जलचक्राबद्दल, आणि खास करून मुंबईतल्या शिक्षकांशी आणि आईबाबांशी. पुस्तकातलं ते चित्र आठवतंय ना, समुद्र, ढग, डोंगर, नदी आणि गोल फिरणारे बाण? मुलं ते परीक्षेत झकास काढतात, बाष्पीभवन, सांद्रीभवन, वृष्टी सगळी नावं बरोबर लिहितात, पण थंड ग्लासला बाहेरून पाणी कुठून आलं असं विचारलं की बरीच मुलं सांगतात, आतलं पाझरलं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की आधी मुलांना अंदाज सांगू द्या, मग प्रयोग करू द्या, आणि चित्र सगळ्यात शेवटी.

या ग्लासपासूनच सुरुवात करा. त्यात बर्फ घालून कोकम सरबत भरा आणि विचारा, बाहेर जे थेंब येतील ते लाल असतील की पांढरे? हात वर करून मतं घ्या, फळ्यावर लिहा. आपल्याकडे हवा इतकी दमट की थोड्या वेळातच ग्लास ओला होतो, मग पांढऱ्या रुमालाने पुसायचं आणि रुमाल सगळ्यांना दाखवायचा. लाल डाग नाही! म्हणजे पाणी हवेतून आलं. हे आपण नुसतं सांगितलं असतं तर मुलांनी मान डोलावली असती, पण स्वतःचा अंदाज चुकला की ती वाद घालायला लागतात, आणि तो वाद मला फार मोलाचा वाटतो, तो थांबवू नका प्लीज.

दुसरा प्रयोग परातीचा, पण त्याला ऊन पाहिजे, त्यामुळे तो ऑक्टोबरसाठी राखून ठेवा. परातीत मिठाचं पाणी, मधोमध जड वाटी (हलकी असली तर तरंगते), वरून पारदर्शक प्लास्टिक ताणून कडेने घट्ट बांधायचं आणि वाटीच्या बरोबर वर एक छोटा खडा ठेवायचा म्हणजे प्लास्टिक तिथे खाली झुकतं. दुपारपर्यंत आतून थेंब जमतात, घरंगळत खड्याखाली येतात आणि वाटीत पडतात. ते पाणी चाखायला द्या, खारट नसतं. अरबी समुद्र एवढा खारट, मग पाऊस गोडा कसा, याचं उत्तर मुलांच्या जिभेवरच मिळतं.

जुलैत ऊन नाही म्हणून अडायचं कारण नाही, तेव्हा वर्गात ओला रुमाल वाळत टाका आणि किती तासांनी वाळला ते लिहून ठेवा, तेच परत डिसेंबरमध्ये करा. पावसाळ्यात घरभर दोऱ्या बांधूनही कपडे का वाळत नाहीत हा प्रत्येक आईला पडलेला प्रश्न आहे, आणि उत्तर असं की हवेत आधीच इतकी वाफ असते की बाष्पीभवन मंदावतं.

आता जरा मोठी गोष्ट. पुस्तकातल्या चित्रात माणसंच नसतात, नळ नसतो, गटार नसतं, आणि मुंबईच्या मुलाचं पाणी तर पाइपातूनच येतं. तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये खडूने मोठा नकाशा काढा, समुद्र, ढग, सह्याद्री, मग आपली सात धरणं, म्हणजे तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा, पुढे भांडुपचं जलशुद्धीकरण केंद्र, घरचा नळ, गटार आणि पुन्हा समुद्र. विहार 1860 चा आहे हे जरूर सांगा, म्हणजे शहर तेव्हापासून बाहेरून पाणी आणतंय. मुलांनी थेंब व्हायचं आणि फासा टाकत पुढे जायचं. समुद्रातून ढगात जायला सहाच पडायला हवेत असा नियम ठेवा, मग बरीच मुलं समुद्रातच अडकतात, कंटाळतात, कुरकुर करतात, आणि नेमकं तेव्हा सांगा की पृथ्वीवरचं जवळजवळ 97 टक्के पाणी समुद्रातच आहे. विहार भरून वाहिला की एक फाटा मिठी नदीकडे काढा, तो माहीमच्या खाडीतून सरळ समुद्रात, नळात न येताच.

शेवटचं काम पर्जन्यमापकाचं, आणि हे मला सगळ्यात आवडतं. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली वरून कापा, वरचा भाग उलटा करून फनेलसारखा बसवा, तळ वाकडा असतो म्हणून आधी थोडं पाणी घालून तिथे शून्याची रेघ मारा आणि वर पट्टी चिकटवा. गच्चीवर भिंतीपासून लांब ठेवायची, रोज सकाळी साडेआठला वाचायची, कारण हवामान खातंही तेव्हाच चोवीस तासांचा हिशेब करतं. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, हे कळलं की 26 जुलै 2005 चा आकडा घ्या. सांताक्रूझला 944 मिलिमीटर, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीएवढ्या जागेवर पावणेनऊ हजार लिटर! आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही नव्हता. एका शहरात इतका फरक पडू शकतो, म्हणून बोरिवलीच्या एखाद्या शाळेने दक्षिण मुंबईतल्या शाळेशी ठरवून रोजचे आकडे एकमेकींना फोनवर सांगावेत, वही मुलांनीच ठेवावी. जूनपासून सुरू करा. नमस्कार.