नवं घर, बेताचा पैसा

श्रोतेहो, नमस्कार.

नव्या फ्लॅटची किल्ली हातात येते तेव्हा बँकेत फारसं काही उरलेलं नसतं. मुद्रांक शुल्क, नोंदणी, सोसायटीची आगाऊ वर्गणी, वकील, वास्तुशांत, सगळं होऊन गेलेलं असतं आणि हप्ता सुरू झालेला असतो. नेमकं त्याच महिन्यात जो तो विचारू लागतो, "फर्निचरचं काय केलंत?" या एका प्रश्नाच्या धास्तीनं बदलापूर-विरारपासून धायरी-कात्रजपर्यंत कितीतरी नवी जोडपी गृहकर्जाच्या डोक्यावर आणखी एक कर्ज चढवतात. मला आज त्यांच्याशी बोलायचंय. पैसे बेताचे असतील तर घर सावकाश लावा. जवळजवळ रिकाम्या घरात राहायला जा. त्यात कसलाही कमीपणा नाही.

घर राहायला लागल्यावरच कळतं. दुपारचं ऊन कुठल्या खिडकीतून आत येतं, पावसाची झड कुठल्या भिंतीवर बसते, चहाचा कप घेऊन माणसं आपसूक कुठे टेकतात, मूल अभ्यासाला कुठे फतकल मारून बसतं. शक्य असेल तर एक पावसाळा त्या घरात काढा आणि मगच भिंतीला कपाट लावा. ओल येणाऱ्या भिंतीला चिकटून केलेल्या कपाटात दोन वर्षांत बुरशी धरते, रेशमी साड्यांना कुबट वास लागतो, आणि मग कपाटाचे पैसे आणि साड्या दोन्ही जातात. बाहेरच्या भिंतीला टेकणारं कुठलंही कपाट दोन-तीन इंच पुढे ठेवावं, म्हणजे मागून हवा खेळते.

पहिला पैसा उजेडावर घाला. नव्या फ्लॅटमध्ये खोलीगणिक एक ट्यूबचा पॉइंट असतो आणि आपण तिथे पांढराफटक दिवा लावून मोकळे होतो. बल्बच्या खोक्यावर एक आकडा छापलेला असतो, तो वाचा. ६५०० केल्विन म्हणजे निळसर पांढरा प्रकाश. स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर तो चालतो. ३००० केल्विन म्हणजे पिवळसर, ऊबदार. बसायच्या खोलीत कोपऱ्यातला एक आणि भिंतीवरचा एक असे दोन छोटे पिवळसर दिवे लावले, तर तीच भिंत, तीच सतरंजी एकदम छान दिसू लागते. शोभेच्या एवढ्या वस्तू बाजारात आहेत, पण इतक्या कमी पैशात इतका फरक पाडणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. विजेच्या सामानासाठी मुंबईकरांना लोहार चाळ आहे, पुणेकरांना तपकीर गल्ली. तिथे पाच दुकानं हिंडून भाव काढा. पंखाही तिथेच बघा. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी, म्हणजे ब्रशविना मोटरचा, पंखा ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास फिरला तर महिन्याला सोळाएक युनिट वाचतात, तेही एका पंख्यामागे.

दुसरा पैसा झोपेवर. पलंग नंतर घेतला तरी चालतो, गादी मात्र चांगली घ्या. आणि कापसाच्या गादीला नाक मुरडू नका. ती चेपली की गादीवाला कापूस पिंजून, नवी खोळ घालून पुन्हा भरून देतो आणि गादी नव्यासारखी फुगते. फोमची गादी बसली की टाकूनच द्यावी लागते. वर सोलापुरी चादर घाला. भौगोलिक मानांकन मिळालेली ही चादर वर्षानुवर्षं धुतली तरी तग धरते, आणि तिच्या रंगांनी खोली भरल्यासारखी वाटते.

आता लाकूड. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

माझा भाचा आणि त्याची बायको कपाट घ्यायला निघाले तेव्हा मी त्यांना पुण्याच्या जुन्या बाजारात घेऊन गेले. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी तो भरतो. मुंबईत असता तर जोगेश्वरीला ओशिवऱ्याचं फर्निचर मार्केट दाखवलं असतं. भाच्याचा चेहरा पडलेला. "मामी, लोकांनी वापरलेलं?" पण पेठांमधले वाडे पडतात तेव्हा त्यांचे खांब, तुळया, दारं यांतून निघालेलं जुनं सागवान याच बाजारांतून फिरतं. कित्येक पावसाळे खाऊन ते लाकूड इतकं मुरलेलं असतं, की आता ते वाकत नाही आणि फाटतही नाही. तसलं नवं सागवान घ्यायचं म्हटलं तर तुमच्या-माझ्यासारख्यांना परवडणार नाही.

विक्रेता म्हणाला, "ताई, एक नंबर सागवान आहे, डोळे झाकून घ्या." डोळे उघडे ठेवूनच घ्यायचं असतं. मी आधी कपाट भिंतीपासून ओढायला लावलं आणि पाठ पाहिली, कारण पॉलिश पुढून करतात, मागून कुणी करत नाही. खाली वाकून पायांजवळ बोट फिरवलं. पिठासारखी बारीक भुकटी बोटाला लागली, तर आत भुंगा आहे असं समजावं आणि ती वस्तू फुकट मिळाली तरी घरात आणू नये, कारण तो घरातल्या बाकी लाकडालाही लागतो. मग खण पूर्ण बाहेर काढून त्याचे कोपरे पाहिले. लाकडात लाकूड खोवून जोडलेला खण असेल तर सुताराचा हात चांगला. नुसते खिळे ठोकलेले असतील तर किंमत खाली आणायची. शेवटी सगळी दारं एकेक करून लावून पाहिली. दार खाली घासत असलं तरी बिजागरी बदलून काम भागतं, मात्र चौकटच तिरकी झाली असेल तर सोडून द्यावं. त्या दिवशी दोन कपाटं नाकारली, तिसरं घेतलं. घासून, पॉलिश करून ते आज त्यांच्या घरात उभं आहे, आणि भाच्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला आवर्जून दाखवते.

दुकानात झगमगणारं स्वस्त कपाट घ्यायचं असेल, तर त्याचा न दिसणारा कोपरा पाहा. आत भुशासारखं दिसलं तर ते पार्टिकल बोर्ड. पाणी लागलं की फुगतं, आणि एकदा निघालेला स्क्रू तिथे पुन्हा घट्ट बसत नाही. भाड्याच्या घरात, दर दोन वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्यांनी तर त्याच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी लोखंडी घडीचा पलंग, लोखंडी कपाट, पत्र्याच्या ट्रंका आणि स्टीलची मांडणी. दोन ट्रंका शेजारी मांडून वर पातळ गादी आणि चादर टाकली की बसायची सोय होते, आणि आत आख्ख्या घराची पांघरुणं राहतात.

सुताराकडून करून घ्यायचं असेल तर हिशेब आधी स्वतः मांडा. प्लायवूडची शीट ८ बाय ४ फुटांची असते, म्हणजे ३२ चौरस फूट. सात फूट उंच, चार फूट रुंद, दोन फूट खोल कपाटाला मधली उभी फळी आणि आडव्या फळ्या धरून १८ एमएमच्या चारेक शीट लागतात, पाठीला ६ एमएमची एक. हे तुम्हाला ठाऊक आहे एवढं सुताराला कळलं तरी त्यानं सांगितलेल्या शीट कमी होतात. प्लायवर भारतीय मानकाचा शिक्का असतो. आयएस ३०३ कोरड्या खोल्यांसाठी, आयएस ७१० पाण्याजवळ, म्हणजे सिंकच्या खाली. सगळीकडे ७१० वापरण्याची गरज नाही, पण सिंकखाली काटकसर करू नका. आणि दर ठरवताना मटेरियलसकट की नुसती मजुरी, हे कागदावर लिहून घ्या.

पडदे तयार घेतले तर ५, ७ आणि ९ फुटांचे मिळतात. माझं मत विचाराल तर आईच्या, सासूबाईंच्या जुन्या सुती साड्यांचे शिवून घ्या. काठ खाली येऊ द्या. शोभेसाठीही बाजारात जाण्याआधी गावाकडच्या माळ्यावर चढा. पितळी घंगाळ, फिरकीचा तांब्या, शिसवी पाट, आजीनं शिवलेली गोधडी, हे सगळं तिथे धूळ खात पडलेलं असतं. गोधडी भिंतीवर लावा, घंगाळात मनी प्लांट लावा. भिंत मात्र सगळी भरू नका. लहान खोलीत एक भिंत मोकळी सोडली की खोली मोठी वाटते.

जुन्या लाकडाचं पॉलिश पावसाळ्यात करून घेऊ नका. हवेतल्या दमटपणानं ते पांढुरकं पडतं आणि मग सगळं खरवडून पुन्हा करावं लागतं. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की कारागिराला बोलवा. दिवाळीच्या आधी त्याच्याकडे गर्दी असते, त्यामुळे गणपती गेले की लगेच तारीख ठरवून ठेवा.

नमस्कार.