वेळापत्रकाचंही वय होतं

आजचा विषय ‘जुन्या लष्करी विमानांच्या देखभालीचं आधुनिकीकरण’ असा जाहीर झालाय, आणि त्यावर मी बोलणारच आहे. पण त्याआधी ही एक वस्तू बघा. मागच्या रांगांना इथून दिसायची नाही, म्हणून फिरवायला देतो. हातोहात पुढे पाठवा, फक्त खाली पडू देऊ नका, कारण पडली तर सापडणार नाही. ही विद्युत कनेक्टरची पिन आहे. टाचणीपेक्षा थोडी जाड. टोकाशी हिरवट थर दिसेल. वरचा मुलामा गेला, आत पाणी शिरलं आणि तांबं खराब झालं, त्याचा तो रंग. या पिनेपायी एक दोन इंजिनांचं वाहतूक विमान, वय तिशीच्या पुढे, सलग काही आठवडे आम्हाला चकवत होतं.

तुमच्यापैकी हँगरमध्ये काम केलेले किती? हात वर करा... बरेच आहात. मग ‘जमिनीवर तपासलं, ठीक आढळलं’ हे वाक्य तुम्हाला पाठ असणार. वैमानिक उतरतो, नोंदवहीत स्नॅग, म्हणजे उड्डाणात जाणवलेली तक्रार, लिहितो, तंत्रज्ञ चाचणी लावतो, सगळं व्यवस्थित चालतं. मग हे वाक्य लिहायचं, सही करायची, विमान पुन्हा उड्डाणाला. लिहिणारा खोटं लिहीत नाही. त्याला खरंच ठीक आढळलेलं असतं. माझी तक्रार आहे ती त्या वाक्यानंतर प्रकरण मिटलं असं धरण्याबद्दल.

तर या विमानाचा पहिला स्नॅग होता, ‘उजव्या टाकीच्या इंधनमापकाचा काटा थरथरतो.’ तपासलं, ठीक आढळलं. दहा-बारा दिवसांनी दुसऱ्या वैमानिकाने लिहिलं, ‘उजव्या इंधनपंपाचा दिवा क्षणभर लागला आणि विझला.’ ठीक आढळलं. तिसऱ्याने लिहिलं, ‘एकूण इंधनाचा आकडा जुळत नाही.’ तेही ठीक. तीन वैमानिक, तीन तऱ्हेची वाक्यं. मापकाची तक्रार उपकरणवाल्यांकडे गेली, दिव्याची इलेक्ट्रिकलवाल्यांकडे, आणि मधल्या काळात नोंदवही भरली म्हणून जुनी वही कपाटात जाऊन नवी सुरू झाली. तिन्ही नोंदी एका नजरेखाली येण्याची सोयच राहिली नाही.

आमच्यात एक वरिष्ठ तंत्रज्ञ होते. रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्याच्या, मागे काळसर ओघळ दिसला की बोट फिरवून सांगायचे, हा रिव्हेट हलतोय. ढिला रिव्हेट पत्र्याशी घासतो, अॅल्युमिनियमची काळी भुकटी होते आणि वाऱ्याच्या दिशेने तिची शेपटी उमटते. एकमेकांना चिकटवलेल्या पत्र्याच्या थरांवर नाण्याने टकटक करत जायचे. टण आवाज आला तर पुढे, थप आला की आत थर सुटलाय, तिथे खडूने गोल. त्यांनी एका रात्री कपाटातली जुनी वही काढली आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्या. तिन्ही नोंदींत ‘उतरताना’ हा शब्द होता. सकाळी मला म्हणाले, “साहेब, तिन्ही वेळा विमान खाली उतरत असताना झालंय. वर असताना एकदाही नाही.”

उंचीवर विमान थंडगार झालेलं असतं. खालच्या दमट हवेत आलं की थंड धातूवर दव धरतं. ते कनेक्टरमध्ये शिरलं की मधल्या मधे वीज गळते. आणि आम्ही पॅनल कधी उघडायचो? विमान उभं राहून, उन्हात तापून, हँगरमध्ये ओढून आणल्यावर. तोवर सगळं वाळलेलं! पुढच्या वेळी ते धावपट्टीच्या कडेलाच शिडी घेऊन उभे राहिले. इंजिनं थांबताच पॅनल उघडलं. कनेक्टर सोडवला तर आतून थेंब ओघळला. सील चिमटलं होतं, आणि वायरच्या जुडग्यावर बुटाचा घासल्याचा माग होता.

बुटाचा माग तिथे कसा? त्या कनेक्टरच्या मागे एक उपकरण बसतं. वेळापत्रकाप्रमाणे ठरावीक तासांनी ते काढून कार्यशाळेत चाचणीला पाठवायचं. ते काढायला हा कनेक्टर सोडवावाच लागतो, आणि आत पोचायला पाय ठेवायला दुसरी जागा नाही. त्यांनी हिशेब काढला. हे उपकरण 11 वेळा बाहेर निघालं होतं. 11 वेळा निर्दोष ठरून परत बसलं होतं. निर्दोष वस्तू तपासण्याच्या नादात आम्हीच शेजारची चांगली वस्तू मोडली होती. चूक कोणा एका पोराची नव्हती. वेळापत्रकाने त्याला तिथे उभं केलं होतं.

पिन कुठवर पोचली? असू द्या, सावकाश बघा.

हे आमच्यापुरतं नाही. दुसऱ्या महायुद्धात कोस्टल कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या समुद्रावर गस्त घालणाऱ्या विभागाच्या, पाणबुडीविरोधी विमानांचा अभ्यास करायला काही शास्त्रज्ञ नेमले होते. त्यांतले कॉनरॅड वॉडिंग्टन जीवशास्त्रज्ञ होते, फळमाश्यांच्या आनुवंशिकतेवर काम करणारे. जीवशास्त्रज्ञाचं हँगरमध्ये काय काम, असं वाटेल. पण एकेका माशीकडे न पाहता सगळ्या थव्याकडे पाहायची त्यांची सवय होती, आणि तीच कामाला आली. दर 50 तासांच्या तपासणीनंतर अनपेक्षित बिघाड किती होतात, हे त्यांच्या गटाने मांडलं. तपासणी झाली की बिघाड कमी व्हायला हवेत ना? आलेख उलटा निघाला. तपासणीनंतर लगेच बिघाड वाढत, मग हळूहळू उतरत, पुढच्या तपासणीनंतर पुन्हा वर. उघडझाप हीच इजा होती. 1978 साली नोलन आणि हीप या विमानकंपनीतल्या दोन अभियंत्यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. नागरी विमानांच्या भागांत वयाची मर्यादा घालून फायदा होईल असे भाग त्यांना फक्त 11 टक्के आढळले. 68 टक्के भाग असे, की बसवल्यानंतर लगेच बिघडण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि तो सुरुवातीचा काळ निभावला की पुढे वय वाढलं म्हणून धोका वाढत नाही. म्हणजे चालता भाग काढून नवा बसवला, तर आपण त्याला पुन्हा त्या पहिल्या धोक्याच्या काळात ढकलतो.

इथे काही जण खुश होतात. म्हणजे तपासण्या कमी करा, खर्च वाचवा! नाही. कृपा करून माझं म्हणणं तिकडे ओढू नका. इंजिनाच्या टर्बाइन डिस्कचं, लँडिंग गिअरचं, इजेक्शन सीटच्या काडतुसांचं आयुष्य ठरलेलं आहे, आणि तिथे एक दिवस इकडचा तिकडे होता कामा नये. आणि दुसरी बाजू याहून गंभीर आहे. आपण नको तिथे उघडतो, आणि हवं तिथे कुणी डोकावत नाही.

2 नोव्हेंबर 2007. अमेरिकेत मिझुरीवर सरावाच्या उड्डाणात एक एफ-15 लढाऊ विमान हवेत मोडलं. वैमानिकाच्या कक्षासह पुढचा भागच वेगळा झाला. वैमानिक जखमी झाला, पण वाचला. कारण निघालं कक्षाजवळच्या एका लाँजरॉनमध्ये. लाँजरॉन म्हणजे विमानाच्या लांबीत जाणारी तुळई. आराखड्यात तिची जाडी सुमारे अडीच मिलिमीटर, प्रत्यक्षात ठिकठिकाणी बरीच कमी. कारखान्यातून बाहेर पडतानाच तो दोष आत होता. तिथे भेग पडत गेली आणि कुणाला दिसली नाही. मग ताफा जमिनीवर ठेवून शोध घेतला, तेव्हा आणखी काही विमानांत त्याच तुळईला भेगा सापडल्या. इतकी वर्षं ही विमानं नियमित सर्व्हिसिंग होऊन उडत होती.

आणि निमरॉड. हे मला सांगताना अजून जड जातं. 2 सप्टेंबर 2006, अफगाणिस्तान. ब्रिटिश हवाई दलाचं टेहळणी विमान, हवेत इंधन भरून घेतल्यावर थोड्याच वेळात आग लागली, 14 जण गेले. कॉमेट या जुन्या प्रवासी विमानावरून निमरॉड घडवलं, 1969 मध्ये सेवेत आलं. हवेत इंधन भरायची सोय मूळ आराखड्यात नव्हती, ती 1982 च्या फॉकलंड युद्धात घाईने जोडली. विमानाचं काम बदललं, इंधनाचा दाब आणि वाटा बदलल्या, सांध्यांची सीलं म्हातारी झाली, आणि त्याच पोकळीत गरम हवेची नळी होती. 2009 चा हॅडन-केव्ह यांचा अहवाल वाचा. सुरक्षेचा आढावा त्याआधी घेतलेला होता, पण ‘तीस वर्षं उडतंय, म्हणजे सुरक्षितच आहे’ असं मनात धरून घेतलेला होता. इतकी वर्षं उडालं हा पुरावा नाही हो! इतकी वर्षं उडालं, म्हणूनच नव्याने विचारायला हवं होतं.

मला एवढंच ठासून सांगायचंय. वेळापत्रक लिहिलं गेलं तेव्हा विमान कोरं होतं. पुढे ते वेगळ्या कामाला लागलं, त्यात नवी यंत्रं बसली, वायरी वाढल्या, गंज आला. वेळापत्रक मात्र त्या पहिल्या दिवशीच थांबलेलं. विमानाइतकंच तेही जुनं झालंय, पण त्याची दुरुस्ती करायला कुणी हँगर बांधत नाही.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. ठीक आहे, जाहीर केलेला भाग आता पटापट सांगतो.

पहिलं, ताफ्याची सरासरी सोडा, एकेका विमानाचा हिशेब ठेवा. समुद्राकाठी उभं राहिलेलं आणि कोरड्या तळावरचं विमान तासांनी सारखं, पण गंजाने वेगळं. खाली, खडबडीत हवेत उडालेल्याचा पंख वेगळा थकतो. किती जोर पडला, किती वेळा उतरलं, कुठे उभं राहिलं, हे शेपटीच्या क्रमांकाखाली साठलं पाहिजे.

दुसरं, भेग आहेच असं धरून चाला. 22 डिसेंबर 1969 ला एफ-111 या अमेरिकी लढाऊ विमानांपैकी एकाचा पंख तुटला. जेमतेम 100 तास उडालेलं विमान, घडाईतला दोष पंखाच्या बिजागरीत लपलेला. त्यानंतर एफ-111 ची विमानं उणे 40 अंशांपर्यंत थंड करून, पंखांवर भार टाकून तपासायला लागले, आणि अमेरिकी हवाई दलाने विचारच बदलला. दिसणार नाही एवढी भेग पहिल्या दिवसापासून आहे असं मानायचं, ती घातक व्हायला किती वेळ लागेल ते काढायचं, आणि त्याच्या निम्म्या वेळात तपासायचं. जुन्या ताफ्यांच्या वेळापत्रकाला हा नियम पुन्हा लावून बघा. काही तपासण्या गळतील, काही नव्या येतील.

तिसरं, न उघडता कळेल ते न उघडता बघा. इंजिन तेलाच्या नमुन्यात लोह, तांबं किती आलंय यावरून कोणता बेअरिंग झिजतोय ते कळतं. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सचं कंपन सतत नोंदवता येतं. आत डोकावणारी बारीक दुर्बीण, बोरस्कोप, आहे; धातूत वीज खेळवून भेग शोधणारी एडी करंट तपासणी आहे. पण ही साधनं आल्यावर जुनी उघडझाप तशीच चालू राहिली, तर फक्त काम वाढलं.

चौथं, निवृत्त होणारं एक विमान भंगारात देण्याआधी हाडापर्यंत सोडवा. प्रत्येक सांधा, प्रत्येक वायर. जिथे तीस वर्षांत कुणाचा हात पोचला नाही, तिथे काय झालंय हे दुसऱ्या कोणत्याच मार्गाने कळत नाही. वायरिंगचं तर नक्कीच. ते बदलायचं तर जुडगंच्या जुडगं बदला, तुकडे जोडू नका.

सुट्या भागांचं, त्रिमितीय छपाईचं आज राहिलं. तो स्वतंत्र विषय आहे.

शेवटचं, नोंदी. बऱ्याच ठिकाणी संगणकीकरण म्हणजे वहीचं पान स्कॅन करून ठेवणं. ते जुनं कपाटच झालं, फक्त पडद्यावरचं. स्नॅग लिहिला की त्याच विमानाचे मागचे स्नॅग, उड्डाणाचा टप्पा, शेजारी कोणतं पॅनल कधी उघडलं, हे सगळं तंत्रज्ञासमोर आपोआप आलं पाहिजे. ‘ठीक आढळलं’ दुसऱ्यांदा लिहिलं जाताना प्रणालीने थांबवून विचारलं पाहिजे. आणि वैमानिकाची, तंत्रज्ञाची वाक्यं त्यांच्याच शब्दांत ठेवा. त्यांचे कोड करून टाकलेत, तर ‘उतरताना’ हा शब्द गळून जाईल, आणि आमचं विमान त्या एका शब्दावर सापडलं होतं. हे वाचायला, लिहायला तंत्रज्ञाला पाळीत रोज अर्धा तास ठरवून द्या. आमच्या त्या वरिष्ठ तंत्रज्ञाने ते काम स्वतःची रात्र घालून केलं, आणि ते बरोबर नव्हतं.

पिन आली का परत? तिसऱ्या रांगेत आहे. राहू द्या अजून तिकडे. तुमचा हात मघापासून वर आहे, विचारा.