स्लॉपमधलं तेल

नमस्कार मंडळी. बोलायला सुरुवात करायच्या आधी ही बाटली पुढच्या रांगेपासून मागेपर्यंत फिरू दे, सगळ्यांनी एकदा हातात घेऊन उजेडात धरून बघा. कोरा चहा असतो ना त्या रंगाचं दिसतं, उजेडात धरलं की आत तांबडी केशरी झाक येते. हे मक्याचं तेल आहे. पण दुकानात डब्यात मिळतं ते नाही, हे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका इथेनॉल प्लांटमध्ये, इथेनॉल काढून घेतल्यावर जे उरतं ना, त्यातून काढलेलं आहे. मी चौदा वर्षं त्याच कामात आहे आणि आज इथे सांगलीत समोर डिस्टिलरीतली, साखर कारखान्यातली, गोठेवाली अशी सगळीच मंडळी बसलीत, त्यामुळे मला हे तेल कुठून येतं आणि ते काढून घेतल्यावर मागे काय उरतं, दोन्ही सांगायचंय.

आधी मक्याचा दाणा बघू. दाण्यात साधारण दोन तृतीयांशाच्या वर स्टार्च, बाकी प्रथिनं, साल, आणि तळाशी तो छोटासा कोंब, दाताखाली चिवट लागतो तो. तेल बहुतेक सगळं त्या कोंबात असतं. अख्ख्या दाण्याचा हिशोब केला तर साडेतीन ते चार टक्के. स्टार्चचे मोठे कारखाने, जे मका भिजवून ओला दळतात, ते कोंब सुरुवातीलाच वेगळा काढतात, त्याचं तेल निघतं, रिफाईन होतं आणि ते आपल्या कढईत येतं. पण अमेरिकेतले जे दोनशेच्या आसपास इथेनॉल प्लांट आहेत त्यातले बहुतेक सुके दळणारे, ते कोंबबिंब काही वेगळं करत नाहीत, हॅमर मिलमधून अख्खा दाणा पीठ करून पाण्यात कालवतात, एन्झाईम टाकून शिजवतात, यीस्ट टाकतात, दोन अडीच दिवस आंबवतात आणि कॉलमला, म्हणजे उकळून इथेनॉल वेगळं करणाऱ्या उंच मनोऱ्याला, पाठवतात. स्टार्चचं इथेनॉल झालं आणि कार्बन डायऑक्साईड उडून गेला, बाकी सगळं खाली राहिलं. दाण्यातला दोन तृतीयांश भाग गेला म्हणजे उरलेलं सगळं जवळजवळ तिप्पट दाट झालं, चार टक्के तेल होतं ते उरलेल्या पेंडीत दहा बारा टक्के दिसायला लागतं. हे तिप्पटीचं गणित लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

आता कॉलमच्या खालून जे निघतं ते डिकँटरमध्ये, म्हणजे फिरवून घट्ट आणि पातळ वेगळं करणाऱ्या मशीनमध्ये, जातं. एकीकडून वेट केक म्हणजे ओला चोथा पडतो, दुसरीकडून पातळ पाणी निघतं, अमेरिकेत त्याला थिन स्टिलेज म्हणतात, आपल्याकडे थिन स्लॉप. काही तेल केकमध्येच अडकून राहतं, आणि बरंचसं या स्लॉपबरोबर जातं. स्लॉपचा काही भाग परत पीठ कालवायला वापरतात, बाकीचा इव्हॅपोरेटरला आटवून सिरप करतात, उसाच्या काकवीसारखं दाट, आणि ते सिरप केकवर ओतून ड्रायरमध्ये वाळवलं की झालं डीडीजीएस, म्हणजे जनावरांना घालतात ती मक्याची वाळलेली पेंड. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. तेल सिरपमधून केकवर, केकमधून ड्रायरमध्ये, आणि पेंडीच्या भावानं विकलं जात होतं. सगळ्यांना माहीत होतं की आत तेल आहे. काढता येत नव्हतं एवढंच.

का काढता येत नव्हतं, हा माझ्यासाठी या सगळ्यातला सगळ्यात सुंदर भाग आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

तेल पाण्यापेक्षा हलकं, मग टाकीत ठेवलं की वर यायला पाहिजे. येत नाही. कोंबात तेल असतं तेच मुळी बारीक बारीक थेंबांच्या रूपात, प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनाचं आणि फॉस्फोलिपिडचं पातळ पापुद्र्यासारखं कवच. दळण, शिजवणं, आंबवणं, कॉलमची उष्णता यानं काही कवचं फुटतात, काही नाही फुटत, आणि जे तेल सुटतं त्याला स्लॉपमधली मक्याची प्रथिनं, मेलेलं यीस्ट, बारीक कण परत वेढून टाकतात. ज्यांच्या घरी अजून लोणी काढतात त्यांना हे सांगायलाच नको. सायीत तूप आहे हे माहितीये, पण नुसतं भांडं ठेवून दिलं म्हणून लोणी येत नाही ना, रवीनं घुसळावं लागतं, आणि थंडीच्या दिवसात लोणी धरत नसलं की आजी थोडं कोमट पाणी घालायची. किती घालायचं हे तिच्या हाताला कळायचं. कमी पडलं तर घुसळतच बसा, जास्त झालं तर लोणी विरघळून परत ताकात.

आमचं काम तेच आहे. सिरप पूर्ण आटवायच्या आधी, घट्ट भाग तीसेक टक्के झाला की मधूनच बाहेर घ्यायचं, ऐंशी नव्वद डिग्रीपर्यंत तापवायचं, काही वेळ तसंच मुरू द्यायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. हे मशीन म्हणजे दूध डेअरीतल्या सेपरेटरचा थोरला भाऊ आहे, गुस्ताफ डी लाव्हाल या स्वीडिश इंजिनिअरनं १८७८ साली दुधातून साय वेगळी करायला सेपरेटर केला, तेच तत्त्व. हलकं तेल आतल्या बाजूला, जड पाणी आणि गाळ बाहेरच्या बाजूला. काही प्लांट तीन फाटे असलेला ट्रायकँटर वापरतात, त्यात तेल, पाणी आणि घट्ट असं तिन्ही वेगवेगळं निघतं. आणि वर थोडं औषध मारतात, म्हणजे पॉलिसॉर्बेट ८०, आईस्क्रीममध्ये असतं तेच, बरोबर पाण्याला न धरणारी बारीक सिलिका. ते जाऊन कवचाच्या जागेवर बसतं, कवच सैल पडतं आणि थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात.

लॅबमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. गरम सिरप टेस्ट ट्यूबमध्ये घ्या, छोट्या सेंट्रिफ्यूजवर फिरवा आणि बाहेर काढा. वर तांबूस तेल, त्याच्याखाली मळकट पिवळा, साबणाच्या फेसासारखा एक थर, मग गढूळ पाणी आणि तळाशी गाळ. सगळा खेळ त्या मळकट पिवळ्या थरात असतो. तो जाड असला म्हणजे तेल आहे, पण सुटलेलं नाही.

एक रात्र मला अजून आठवते. जानेवारी महिना, बाहेर उणे पंचवीस, आणि आमचं तेल अचानक गढूळ यायला लागलं. मी शिफ्टला नवीन होतो, मला वाटलं औषध कमी पडतंय म्हणून पंप वाढवला, परत वाढवला, पहाटेपर्यंत वाढवतच राहिलो. तेल सुधारलं नाही, आणि सकाळी भरलेला टँकर दोन दिवसांनी गिऱ्हाईकानं परत पाठवला, त्यात पाणी आणि गाळ जास्त होता. कारण काय निघालं तर सिरप तापवायच्या हीटरमध्ये थर बसला होता, स्क्रीनवरचा आकडा बरोबर दिसायचा पण सेंट्रिफ्यूजच्या तोंडाशी सिरप सत्तरवरच होतं. आमचा जुना ऑपरेटर आला, त्यानं पाइपाजवळ थर्मामीटर लावला आणि पाच मिनिटांत सांगितलं. तेव्हापासून मी आधी उष्णता बघतो, मग बाकी सगळं, आणि तुमच्यापैकी जे कोणी उद्या हे मशीन चालवतील त्यांनाही हेच सांगेन की औषधाच्या कॅनला हात लावायच्या आधी तापमान स्वतः जाऊन मोजा.

आता किती निघतं. अमेरिकेत हिशोब बुशेलवर चालतो, एक बुशेल मका म्हणजे ५६ पौंड, साधारण २५.४ किलो. त्यातून अकरा लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं, साडेसात किलोच्या आसपास डीडीजीएस, आणि तेल सुरुवातीच्या काळात अर्धा पौंड, आता पाऊण ते एक पौंड, चांगले चालवणारे एक पौंडाच्याही पुढे गेलेत, वेगळी एन्झाईम आणि बारीक दळण वापरून. म्हणजे एका टन मक्यामागे चौदा ते अठरा किलो धरा. थोडं वाटतं ना? पण अख्ख्या देशाचं मिळून वर्षाला सुमारे चार अब्ज पौंड होतं, म्हणजे अठरा लाख टनांच्या घरात, आणि त्यासाठी एक एकर जमीन जास्त लागत नाही, एक दाणा जास्त लागत नाही.

हे तेल जातं मुख्यत्वे बायोडिझेलला आणि आता जास्त करून रिन्यूएबल डिझेलला, थोडं कोंबड्यांच्या खाद्यात. खायला अजिबात नाही. यात दहा ते पंधरा टक्के सुटं फॅटी ॲसिड असतं, इतका वेळ गरम राहिल्यानं ते बिघडलेलं असतं. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय कारण आपल्या देशात खाद्यतेल निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, भाव चढे असतात, आणि स्वस्त तेल कुठे मिळतंय म्हटल्यावर भेसळ करणाऱ्याला वाट सापडते. ज्या दिवशी आपल्याकडच्या प्लांटमधून असे टँकर निघायला लागतील त्या दिवसापासून प्रत्येक टँकर कुठे गेला याची नोंद झाली पाहिजे.

२०१२ साली अमेरिकेत मोठा दुष्काळ पडला, मका बुशेलला आठ डॉलरच्या वर गेला, इथेनॉल विकून मक्याचे पैसे निघेनात. तेव्हा कितीतरी प्लांटना तेलाच्या पैशांनी आधार दिला. आणि नेमक्या त्याच वर्षांत कोर्टकचेऱ्या चालू होत्या. ग्रीनशिफ्ट नावाच्या कंपनीला २००९ मध्ये असं तेल काढायच्या पद्धतीचं पेटंट मिळालं आणि त्यांनी एकामागून एक प्लांटवर दावे लावले, काहींनी पैसे भरून लायसन्स घेतलं, काही लढले. वाद तारखेवर अडला. अमेरिकेत तुमची पद्धत विकायला काढली की वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. यांचा पहिला अर्ज ऑगस्ट २००४ चा, आणि २००३ च्या उन्हाळ्यात त्यांनी मिनेसोटातल्या एका इथेनॉल प्लांटला ऑफर दिलेली सापडली. इंडियानातल्या फेडरल कोर्टानं २०१६ मध्ये निकाल दिला की ही गोष्ट पेटंट ऑफिसपासून लपवली, म्हणून पेटंट लागूच करता येणार नाहीत, आणि मार्च २०२० मध्ये अपील कोर्टानंही तेच कायम केलं. दहा वर्षं गेली यात. माझं मत स्पष्ट आहे, पद्धत शोधणाऱ्यांचं काम खरंच मोठं होतं, पण त्या दहा वर्षांत छोट्या, शेतकऱ्यांनी शेअर घेऊन उभे केलेल्या प्लांटचे जे पैसे वकिलांकडे गेले ते मशीनरीत जायला हवे होते.

आता पेंडीकडे येतो, कारण गोठेवाली मंडळी मघापासून त्याचीच वाट बघतायत.

तेल काढलं म्हणजे ते पेंडीतूनच काढलं, हवेतून नाही आलं. पूर्वी डीडीजीएसमध्ये दहा बारा टक्के फॅट असायचं, तेल काढल्यावर ते सहा ते नऊवर आलं, काही ठिकाणी पाचच्याही खाली. अमेरिकेत सुरुवातीला काय झालं की पोत्यावर नाव तेच, भाव जवळपास तोच, आणि कोंबडीवाला, डुक्करवाला जुनी आकडेवारी धरून खाद्याचं मिश्रण बनवतोय. कोंबडीला ऊर्जा कमी पडते मग, वरून तेल घालावं लागतं, आणि पिवळ्या बलकाचा रंगही त्या तेलाबरोबर थोडा जातो. शेवटी २०१२ मध्ये डुकरांच्या आहाराचे जे राष्ट्रीय तक्ते निघाले त्यात डीडीजीएसचे फॅटप्रमाणे तीन वेगळे प्रकार करावे लागले. पण याला दुसरी बाजूही आहे, ती लपवणार नाही. दुभत्या जनावराला मक्याचं तेल जास्त झालं की दुधाचं फॅट पडतं, त्यामुळे तेल काढलेली पेंड गाईम्हशींना उलट बऱ्याचदा सोयीची. म्हणजे तेल काढणं वाईट नाही, न सांगता काढणं वाईट.

आणि ते तिप्पटीचं गणित आठवा. तेल तिप्पट झालं तशी मक्यातली बुरशीची विषंही तिप्पट होतात. पावसात भिजलेला मका प्लांटला गेला, त्यात अफ्लाटॉक्सिन असलं, तर इथेनॉलमध्ये ते येत नाही, सगळं पेंडीत येतं, आणि म्हशीच्या पोटातून त्याचा अंश दुधात उतरतो. ते तेलाबरोबर निघूनही जात नाही.

आपल्याकडे हे सगळं फार वेगानं आलं. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसाच्या इथेनॉलवर बंधन आलं, मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे भाव मिळाला आणि २०२३-२४ च्या इथेनॉल वर्षात मका एकदम पहिल्या नंबरला गेला. आता सहकारी साखर कारखान्यांच्या डिस्टिलरींनाही मका चालवता यावा म्हणून योजना निघालीये. पेंड इतकी आली की सोयाबीनच्या डीओसीचं, म्हणजे तेल काढलेल्या पेंडीचं, गिऱ्हाईक कमी झालं, २०२४ च्या हंगामात ४८९२ रुपये हमीभाव असताना मराठवाडा विदर्भातल्या शेतकऱ्याला त्याच्या खाली विकावं लागलं, त्यामागचं एक कारण हेही होतं. हे तेल काढायची चर्चा करताना तो शेतकरी डोळ्यासमोर असू द्या.

दिवसाला एक लाख लिटरचा प्लांट घ्या. आपल्याकडे टनाला ३८० लिटर धरले तर दोनशे साठ टनांच्या वर मका लागतो, टनाला चौदा किलो तेल म्हणजे रोजचं साडेतीन टनांच्या वर. त्याशिवाय ड्रायरमध्ये पेंड कमी चिकटते, इव्हॅपोरेटर कमी घाण होतो, धूर कमी होतो. माझं म्हणणं आहे की हे बसवावं. पण पहिल्या दिवसापासून पोत्यावर फॅटचा आणि अफ्लाटॉक्सिनचा आकडा छापून, प्रत्येक लॉटचा वेगळा.

मघाशी मागून एक ताई विचारत होत्या की आपल्या मक्यात एवढं तेल असतं का, वाण वेगळे, पाऊसपाणी वेगळं. प्रश्न एकदम बरोबर आहे, अमेरिकेचा आकडा इथे जसाच्या तसा चिकटवू नये. मी छोटा सेंट्रिफ्यूज आणि ट्यूब बरोबर आणल्यात, उद्या सकाळी दहापर्यंत इथेच आहे. ज्यांचा मक्याचा प्लांट चालू आहे त्यांनी इव्हॅपोरेटरच्या मधल्या टप्प्यावरचं अर्धा लिटर सिरप आणा. प्लास्टिकच्या बाटलीत नको, चहाच्या थर्मासमध्ये आणा, गरम असतानाच, आणि भरल्याची वेळ आणि तापमान कागदावर लिहून थर्मासला चिकटवा.