मेळघाटात दोन मुक्काम, एकच गाव

राम राम, श्रोतेहो.

अमरावतीहून सकाळी निघायचं, परतवाड्यात नाश्ता, घाट चढून चिखलदऱ्याचे सगळे पॉइंट दुपारपर्यंत उरकायचे, दिवेलागणीच्या आत खाली. पावसाळ्यात हा बेत हमखास फसतो. चिखलदरा आहे अकराशे मीटरच्या आसपास, ढग थेट अंगावरच येतात. भीमकुंडाशी माणूस दहा मिनिटं पांढऱ्या पडद्याकडे बघतो आणि निघतो. मागं धुकं फाटतं, तोवर हा पुढच्या पॉइंटवर, तिथंही धुकंच!

त्यापेक्षा एकाच गावात दोन रात्री काढा. कोरकू आदिवासींच्या गावात घरांच्या दोन रांगा समोरासमोर असतात, मधून रुंद गल्ली. भर दुपारी गेलात तर ती रिकामी दिसेल, कारण माणसं शेतात नाहीतर रानात. मग ‘इथं काहीच नाही’ म्हणून लोक परततात. गल्ली जागी असते ती सकाळी आणि ढोरं घरी येतात तेव्हा. सारवलेल्या अंगणात चपला घालून शिरू नका. फोटो विचारूनच काढा.

घरात जेवायचं असेल तर सकाळीच सांगा, आयत्या वेळी नाही. डाळ, तेल, तांदूळ परतवाड्यातूनच न्या आणि सुट्ट्या नोटाही ठेवा. रेंज नसली की मोबाईलवरचे पैसे तिथं कामाचे नाहीत. कुटकी, म्हणजे भातासारखं शिजवायचं बारीक भरडधान्य, मिळाली तर जरूर खा. दाणा मोहरीएवढा, त्यात बारीक खडे. म्हणून पाण्यात हलवत, वरचं वर ओतून घेत चार-पाच वेळा धुवावी लागते. खडे तळाशी राहतात, तळाचं ते शेवटचं पाणी भांड्यात घ्यायचं नाही. एक वाटी कुटकीला सव्वादोन वाट्या पाणी, मंद आच, वीसेक मिनिटं, मग झाकून दहा मिनिटं मुरू द्यायची. घाईत झाकण काढलं की वरची कोरडी, खालची गिचका.

मार्च-एप्रिलात मोह गळतो. फुलं पहाटे पडायला लागतात आणि ऊन चढायच्या आत वेचून होतात. मग अंगणात वाळवण पडतं, त्यावर पाय देऊ नका, ती कुणाची तरी वर्षाची कमाई आहे. झाडाखाली एकट्यानं अंधारात मात्र जायचं नाही. मोहफूल अस्वलालाही प्रिय. वेचणाऱ्यांबरोबर, त्यांच्या मागं चाला. फुलं दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा पाला पेटवतात, वणवा असाच पसरतो, त्यात तुमच्या विडीची भर नको.

मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. अंधार पडल्यावर गावाबाहेर पायी निघू नका. जंगलातल्या सेमाडोह, कोलकासच्या वन विभागाच्या निवासात राहायचं तर आगाऊ नोंदणी करा. एसटीनं आलात तर परतीची शेवटची गाडी कंडक्टरलाच विचारून घ्या.

स्वतःच्या गाडीनं असाल तर ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी सगळा भार ब्रेकवर टाकते, ब्रेक तापतात आणि पकड जाते. जळका वास आला की गाडी बाजूला घ्या, अर्धा तास थांबा. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकते.